गोत्र कौशिक, नाव रजनी

५ जानेवारी, रविवार

पोहोचले एकदाची. मिरजेपासून शेजारच्या बाकावरच्या काकांनी असा काही सूर लावला होता की अख्ख्या डब्यात त्यांच्याशिवाय कुणालाच झोप मिळाली नाही. पण म्हैसूरच्या स्टेशनाबाहेर आले, गार हवा लागली, रिक्षावाल्याने न भांडता मीटर टाकला आणि मी सगळ्या जगाला माफ करून टाकलं.

खोली चामराजपुरममध्ये आहे, कुसुमबाईंच्या शिंपीदुकानाच्या वर. मला काम मिळालं त्या कन्नड मालिकेतल्या बायकांचे ब्लाउज याच शिवतात, म्हणून कंपनीने मला यांच्याकडे ठेवलं. पाटी अजून त्यांच्या गेलेल्या यजमानांच्या नावाची आहे, ‘विठ्ठलराव टेलर्स’. यांची माणसं कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे आली. घरात मराठी बोलतात, पण निम्म्या वाक्यातून कन्नडच्या गल्लीत वळतात आणि मला तिथेच उभी करून जातात. मी नुसतं हो हो म्हणते. आल्या आल्या त्यांनी लिंबाचा पिवळाधमक भात वाढला. तीनदा मागून घेतला. लाज वगैरे मिरजेला ठेवून आले आहे.

आता कामाचं. ऐकून आईने कपाळावर हात मारून घेतला होता, कारण मला पहिल्याच भागात मरायचं आहे. मी थोरली सून चैत्रा. जिन्यावरून पडते, जीव जातो, मग माझ्या धाकट्या बहिणीला माझ्या जागी आणतात आणि पुढचे हजारभर भाग ती माझा संसार करते. मी मेल्याशिवाय मालिका सुरूच होत नाही, म्हणजे तसं बघितलं तर सगळ्यात महत्त्वाचं काम माझंच. दिग्दर्शक सुधींद्र सर म्हणाले, इथली ओळखीची नटी घेतली तर लोक ती परत येईल म्हणून वाट बघत बसतात. त्यांना असा चेहरा हवा होता जो मेला तर मेलाच वाटेल. मिरजेच्या हौशी नाटकांत पंधरा वर्षं घासून शेवटी ही शाबासकी मिळाली.

वाक्य एकच आहे. नवऱ्याला हाक मारायची, ‘री’. म्हणजे अहो. एवढं कन्नड जमेल.

पहिल्या भागानंतर आठवणींचे प्रसंग आहेत, म्हणून महिनाअखेरपर्यंत मुक्काम. इथे सगळ्यांसाठी मी सव्वीस वर्षांची आणि बिनलग्नाची आहे. खरं वय आणि सोडून गेलेला नवरा सांगितला असता तर ही भूमिकाही मिळाली नसती. शरण्याचं नाव तर कुणापाशीच काढायचं नाही. माझी सात वर्षांची पोर आजीकडे आहे हे म्हैसूरमध्ये फक्त या वहीला माहीत. वही कुणी वाचेल अशी धास्ती नाही. कुसुमबाई मराठी बोलतात, पण लिहितात सगळं कन्नड अक्षरांत.

७ जानेवारी, मंगळवार

कुसुमबाईंनी माझं माप घेतलं. टेप लावता लावता पाठीला पोक आहे, जेवत नाहीस, असले शेरे मारून घेतले. माप चिठ्ठीवर लिहिलं आणि भिंतीतल्या लांब खिळ्याला टोचलं. त्या खिळ्यावर अख्खं चामराजपुरम टोचलेलं आहे. मी गमतीने विचारलं, ही चळत कमी कधी करता. म्हणाल्या, माणूस जाड झालं तर माप बदलायचं, गाव सोडून गेलं तरी चिठ्ठी राहू द्यायची, फक्त वर गेलं की काढून शेगडीत घालायची. गेलेल्याचं माप ठेवलं तर ते कपडे मागायला येतं.

मी म्हटलं, आमच्याकडे जिवंत गिऱ्हाइकालासुद्धा दहा खेपा घातल्याशिवाय कपडे मिळत नाहीत. त्या इतक्या हसल्या की टेप खाली पडली.

संध्याकाळी त्या दुकान आवरून लाल कापडातली पोथी मांडीवर घेतात आणि अभंग म्हणतात. आवाज गोड आहे. मधेच थांबून शेजारणीची चौकशीही करतात. इथे लाडाने हाक मारायची तर ‘मा’, आणि ‘पाप’ म्हणजे बिचारी. दिवसातून वीस वेळा कुणी ना कुणी पाप असतं. आज मी होते, कारण मला कॉफी कडू लागली.

९ जानेवारी, गुरुवार

आज मेले. चार वेळा.

कडकोळला औद्योगिक वसाहतीत एक बंद पडलेली शेड आहे, तिच्यात आमचा बंगला उभा केला आहे. बाहेर ट्रक, आत संगमरवरी जिना, तो प्लायवूडचा. पहिल्यांदा पडले तेव्हा हसू आलं. दुसऱ्यांदा बांगडी फुटायची ती फुटली नाही. तिसऱ्यांदा यशस्विनीने, म्हणजे माझी धाकटी बहीण झालेल्या नायिकेने, रडण्याऐवजी शिंक दिली. चौथ्यांदा मात्र मी अशी मेले की सुधींद्र सर स्वतः उठून आले.

इथे एक रीत आहे. कॅमेऱ्यासमोर मेलेल्या माणसाने उठून त्याच कॅमेऱ्यात बघून हसायचं. ते हसणंही चित्रित करतात. त्याशिवाय ते सगळं खोटं होतं हे मरणाला कळत नाही म्हणे. मी बत्तीस दात दाखवून हसले. मग दारात कोहळा फोडला आणि मला घरी सोडलं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. कुसुमबाईंनी तीळ, गूळ, दाणे, खोबरं यांची पुडी दिली आणि आपल्यासारखंच गोड बोलायला सांगितलं. मग तासभर शेजारणीबद्दल जे बोलल्या त्यात गोड काही नव्हतं.

काल सेटवर माझा फोटो लागला. भला मोठा, चंदनाचा हार, पुढे समई. चैत्रा मेली तरी तो हजार भाग तिथेच राहणार. यशस्विनी मनाची फार चांगली आहे. रोज सेटवर आली की आधी त्या फोटोला नमस्कार करते आणि मग वळून मला गुड मॉर्निंग म्हणते. दोन्हीकडून मान मिळतो आहे, चालू दे.

शरण्याशी अर्धा तास बोलले. एक तारखेला वाढदिवस. पिवळा फ्रॉक हवा आहे, मागे मोठी गाठ बांधायचा. मी स्वतः घेऊन येईन असं वचन दिलं. हे काम संपलं की मिरजेतच दोन खोल्या घेणार आणि तिला माझ्याजवळ ठेवणार. आईच्या घरात ती मला पाहुणी समजायला लागली आहे. परवा फोनवर विचारत होती, आई, तू किती दिवस राहणार. ते माझ्या काळजात घर करून बसलं आहे. मला दुसरं काही नको. नाव नको, नायिकेचं काम नको. तिने दार उघडून मला नुसतं ‘आलीस’ म्हणावं.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज माझ्या दहाव्याला मी स्वतः चहा पीत हजर होते. असं भाग्य कुणाच्या वाट्याला येतं.

प्रसंग असा की चैत्राचा नवरा नदीवर पिंड ठेवतो आणि कावळा काही शिवत नाही. मग धाकटी बहीण पुढे होते, हात जोडून सांगते की ताई, तुझा संसार मी सांभाळीन. तेवढं ऐकलं की कावळा शिवतो. मालिका खरी तिथून सुरू होते.

सगळी वरात पहाटे श्रीरंगपट्टणजवळ पश्चिमवाहिनीला निघाली. घाट खरा, कावळे खरे आणि आचार, म्हणजे भटजी, तेही खरे. मागे कुठल्याशा मालिकेत नटाने मंत्र चुकीचे म्हटले आणि लोकांनी महिनाभर शिव्या घातल्या, म्हणून या वेळी तिथलेच हयग्रीव आचार बोलावले. सत्तरीचे आहेत, डोळ्यांत मोतीबिंदू, घरची भाषा मराठीच. माझं बोलणं ऐकून खुलले.

पण गाडी अडली. ते म्हणाले, गेलेल्या माणसाचं नाव आणि गोत्र सांगा. चैत्रा हे नाव आहे, पण गोत्र लेखकाने लिहिलंच नाही. लेखक फोन उचलेना. आणि आचार चैत्रा म्हणायलाही तयार नाहीत. अशी बाई कधी जन्मली होती का, म्हणाले. नसलेल्या माणसाला ते बोलवत नाहीत, कारण पोकळ नावाने हाक मारली की वाटेवरचं कुणीही येतं. कुणाचं तरी खरं नाव द्या.

तीस-चाळीस माणसं, पण प्रत्येकाचं लक्ष एकदम स्वतःच्या चपलांकडे. ऊन चढत होतं, सुधींद्र सरांना कोवळा उजेड हवा होता, त्यांचा चेहरा बघवेना. मला हसायलाच आलं. एवढी शिकलेली माणसं आणि नाव द्यायला घाबरतात. मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हटलं, घ्या, गोत्र कौशिक, नाव रजनी.

आचारांनी विचारलं, ही खरंच गेली का, कशाने. मी तोंड पाडून सांगितलं, गेल्या आठवड्यात जिन्यावरून पडली बिचारी. मागे कुणीतरी हसू दाबायला खोकलं. आचार हळहळले. मग त्यांनी बजावलं की नाव घेतलं म्हणजे दहाव्या दिवसापर्यंत न्यावं लागेल, आज पहिल्या दिवसाचं होईल, दहाव्याचं दहाव्यालाच. सुधींद्र सर घड्याळाकडे बघत ‘आयतु, आयतु’ म्हणाले, म्हणजे झालं, झालं. त्यांनी ऐकलं तरी का कोण जाणे.

आचारांनी पहिल्या दिवसाचे मंत्र म्हटले आणि आम्ही ते दहाव्याचे म्हणून चित्रित केले. कावळा शेव टाकून बोलावला. नऊच्या आत काम फत्ते. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली.

एकच गोष्ट. पाणी सोडताना आचारांनी माझं नाव घेतलं तेव्हा मी चटकन मान वळवून मागे पाहिलं. ओळखीच्या माणसाने हाक मारली की आपण बघतो ना, तसं. मागे पायऱ्या होत्या नुसत्या.

आज कॅमेऱ्यात हसायचं राहिलं. पण आज मी कॅमेऱ्यासमोर नव्हतेच, तेव्हा हसायचं कुणी.

१८ जानेवारी, शनिवार

डोकं कालपासून जड आहे. नदीवरचं ऊन बाधलं असणार.

सकाळी कुसुमबाईंनी कॉफी दिली आणि मी म्हटलं, आज कडू नाही. त्या म्हणाल्या की रोजच्यापेक्षा कडक आहे. परत घोट घेतला तर कसलीच चव नाही, गरम पाणी प्यावं तसं. मोगऱ्याचा गजरा नाकाशी धरला. त्यालाही वास नाही. सर्दी झाली आहे, काढा घेते.

कडकोळला आज माझी आठवण असलेला प्रसंग होता. नंतर घेऊ म्हणाले.

२० जानेवारी, सोमवार

सर्दी नाही. नाक मोकळं आहे, श्वास येतो-जातो. वास मात्र नाही. दोन दिवस जेवले नाही हे आज दुपारी लक्षात आलं, तेही कुसुमबाईंचं ताट बघून. भूक लागली नव्हती.

आणखी एक विचित्र गोष्ट झाली. जिन्यावरून खाली आले तर कुसुमबाईंनी मशीन थांबवून मला विचारलं, काय शिवायचं आहे. गिऱ्हाइकाला विचारतात तसं. मी म्हटलं, अहो मी रजनी. त्या क्षणभर बघत राहिल्या, मग कपाळावर हात मारून घेतला, म्हातारी झाले म्हणाल्या. मी पण हसले. खोलीत येऊन आरशात पाहिलं. मी आहे तशीच आहे.

२१ जानेवारी, मंगळवार

आईला फोन केला. आई नुसती हॅलो हॅलो करत राहिली. मी ओरडून बोलले, मला माझा आवाज ऐकू येत होता. तिला नाही. तिने फोन न कापताच बाजूला ठेवला असावा, कारण मग शरण्याचा आवाज आला.  आजीला म्हणाली की आईच आहे, बोलत नाही, पण आहे.

मी जिन्यात बसून रडले. डोळ्यांना हात लावला तर कोरडे.

२२ जानेवारी, बुधवार

कंपनीची गाडी मला न घेता गेली. रिक्षा थांबेनात. बसने कडकोळला गेले, कंडक्टरने तिकीट विचारलं नाही.

मेकअपच्या खुर्चीत जाऊन बसले. मेकअपवाला आला, त्याने ब्रशची पेटी माझ्या मांडीवर ठेवली. पेटी मांडीवर राहिली. जड लागली. मग त्याने ती उचलली आणि खुर्चीची बसायची जागा फडक्याने पुसली, माझ्या पायांवरून.

यशस्विनी आली. फोटोला नमस्कार केला. मी तिच्या मागेच उभी होते, नेहमीच्या जागी. ती वळली आणि सरळ चहाकडे गेली. सुधींद्र सरांच्या तोंडासमोर उभी राहून बोलले. ते माझ्या खांद्यावरून मॉनिटरकडे बघत होते. शेवटी त्यांनी एकदा मान वर केली, फोटोकडे पाहिलं आणि शेजारच्याला काहीतरी म्हणाले. मला एवढंच कळलं, पाप.

नाडी बघितली. लागते. बहात्तर. तीनदा मोजली. मी जिवंत आहे, हे लिहून ठेवते.

२३ जानेवारी, गुरुवार

कुसुमबाईंनी माझी चिठ्ठी काढली.

सकाळी मी जिन्यात होते. त्या स्टुलावर चढल्या, खिळ्यावरच्या चिठ्ठ्या एक एक करून मागे सारल्या, माझी निघाली. वाचली, पदराने पुसली आणि शेगडीत घातली. दारात शेजारीण होती. तिला सांगत होत्या की किती हसायची, किती जेवायची, पाप, नाटकातली पोर ती. मी दोघींच्या मधे जाऊन उभी राहिले. कुसुमबाईंनी अंगावर काटा आल्यासारखे दंड चोळले.

मग शेजारणीला म्हणाल्या की हयग्रीव आचार रोज सकाळी तांदूळ-तीळ घेऊन नदीला जातात, पदरचं खर्चून. नाव घेतलं आहे, अर्धं सोडता येत नाही म्हणतात. रविवारी दहावा. मी जाणार आहे, तिचं इथे दुसरं कोण आहे.

रोज. त्या दिवसापासून रोज—

मीच सांगितलं. माझ्या तोंडाने. कुणी विचारलं नव्हतं मला.

२४ जानेवारी, शुक्रवार

पहाटेच नदीवर गेले. आचार पायरीवर बसले होते, समोर दर्भ, तीळ, भाताचा पिंड. त्यांनी माझं नाव घेतलं तशी मी खाली बसले. त्यांच्या पाया पडून सांगितलं, ती मीच, ती गंमत होती, मी मेलेले नाही, थांबवा. किती वेळ बोलत होते कोण जाणे.

त्यांना ऐकू आलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणाला तरी ऐकू आलं. पण त्यांनी मान वर केली नाही, पाण्याकडे बघूनच बोलले, लहान मुलाला समजवावं तसं.

“आठव्या दिवशी येतात असे. आपण गेलो हे पटत नाही त्यांना, पाप. भांडतात, रडतात. तू रड मा, मी थांबतो. परवा सगळं आयतु.”

आणि ते खरंच थांबले. मी रडणं संपवीपर्यंत. मग समजावून सांगितलं. रोजच्या पिंडाने तिकडचं शरीर थोडं थोडं घडतं. आधी डोकं, मग नाक-कान-डोळे, मग खांदे, छाती, कंबर, पाय. दहाव्या दिवशी भूक आणि तहान. मग कावळा शिवला की वाट मोकळी.

तिकडे घडतं ते इकडून जातं, हे ते म्हणाले नाहीत. ते मला माहीत आहे.

वाईट माणूस असता तर मी त्याला शाप दिला असता.

२५ जानेवारी, शनिवार

मिरजेला पळायचं ठरवलं. स्टेशनवर गेले, डब्यात चढले, खिडकीशी बसले. गाडी हलली. मी फलाटावरच होते. बाक, खिडकी, माणसं, सगळं माझ्यातून निघून गेलं.

पाय आहेत. दिसतात. पण फरशी लागत नाही.

विचार कर, रजनी. डोकं शाबूत आहे तोवर विचार कर.

कावळा. आचार म्हणाले, कावळा शिवला की. नाही शिवला तर? आमच्या त्या प्रसंगात शिवत नव्हताच. गेलेल्याची इच्छा राहिली असेल तर शिवत नाही. ती इच्छा ओळखून कुणीतरी वचन द्यावं लागतं, मगच तो येतो. माझी इच्छा कुणाला माहीत आहे? मी सव्वीस वर्षांची, बिनलग्नाची, मागे कुणी नाही. विचारतील तरी काय, वचन देतील तरी कसलं. ब्लाउजचं देतील. मालिकेचं देतील. कावळा हलणार नाही.

मी खोटं बोलले ते बरं झालं. देवा, किती बरं झालं.

शरण्या, तुझं नाव मी इथे कुणाला सांगितलेलं नाही. तू आहेस हेच कुणाला माहीत नाही. तेवढं धरून ठेवते. एक तारखेला दार तूच उघड. मी येतेच आहे.

पेन जड झालं आहे. वही खिडकीत ठेवून जरा आडवी होते. खाली पोथी चालू आहे—

२६ जानेवारी, रविवार

मशीन पहाटेपासून चालू. आज सुट्टी ना—

वही खिडकीत नव्हती. खालच्या पायरीवर होती. वर चष्मा. कालच्या पानात लाल दोरा. पोथीचा.

पोथी. पोथी कुठल्या अक्षरांत असते, रजनी. या वहीच्याच. रोज मांडीवर घेऊन बसायच्या. पाठ आहे असं वाटलं मला. विचारलं का एकदा तरी—

खिळ्यावर माझ्या जागी नवी चिठ्ठी आहे. छोटी मापं.

घाटावर. त्यांच्याच रिक्षातून आले. मी बसले तेव्हा त्यांनी पदर थोडा सावरून घेतला, जागा करून दिल्यासारखा.

भूक लागली आहे.

आठवडाभर काही नाही आणि आता पोटात जाळ. वासही येतो आहे. फक्त त्या भाताचा. तिळाचा. दुसरं काही नाही जगात—

नाही. बघायचं नाही तिकडे.

कावळे आहेत. सात-आठ. पिंडाकडे बघतात. येत नाहीत. ऊन चढलं. आचार थांबलेत. अजून नाही. येणार नाहीत, मी धरून ठेवलं आहे, घट्ट—

कुसुमबाई उठल्या. पिशवीतून काय काढतात—

पिवळं

त्यांनी हात जोडले. रडताहेत. माझ्याकडे बघत नाहीत, कावळ्याकडे.

“रजनी, शरण्याची काळजी करू नको मा. एक तारखेला मी जाते मिरजेला. फ्रॉक शिवला, मागे मोठी गाठ ठेवली. तिनं दार उघडलं की मी सांगते, आईनं पाठवलं म्हणून. पुढं मी बघते तिचं.”

नको. तुम्ही नको. मी जाणार आहे, दार तिने मला—

एक कावळा पायरीवर उतरला.

हाकलते आहे. हात त्याच्या अंगावरून— घाबरत नाही—

शरण्या, कुणी आलं तरी आलीस म्हणू नको. मी येते आहे, एक तारखेला, मीच, थोडी उशिरा आले तरी तू दार